फटफटीची आखूड शेपटी



विरारच्या पूर्वेस चंदनसार म्हणून एक जागा आहे. जुनीं माणसें तिला अद्याप गांवच म्हणतात. वस्तुतः २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा निघाला, आणि भाताच्या खाचरांच्या जागीं आतां इमारती उभ्या आहेत. तेथें माझ्या एका दिवंगत स्नेह्याचें घर आहे. त्या घराच्या पडवींत, पत्र्याच्या छपराखालीं, त्याची १९८६ सालची बुलेट मोटारसायकल ताडपत्रीनें झांकून ठेवलेली असे. आमच्या लहानपणीं अशा गाडीस फटफटी म्हणत, आणि मला अजूनही तोच शब्द गोड वाटतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस स्नेह्याच्या मुलानें मला बोलावून घेतलें. ताडपत्री दूर करून तो म्हणाला, "काका, बाबांच्या गाडीची हार्डटेल बॉबर करायची आहे. मागचे दोन्ही शॉकअप काढायचे, चिमटा कापायचा, त्या जागीं सरळ नळ्या वेल्ड करायच्या, मडगार्ड अर्धें छाटायचें आणि सीट एकच ठेवायची. कारागीर तयार आहे. तुम्ही एकदां हो म्हणा." मीं पुष्कळ वर्षें यंत्रशाळेंत मुलांना वेल्डिंग शिकविलें आहे, म्हणून माझा होकार त्याला हवा होता. मीं आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. इंग्रजींत 'बॉब' करणें म्हणजे आखूड कापणें. मानेपर्यंत कापलेल्या केसांस बॉब म्हणतात, हें आपल्या भगिनींस ठाऊक आहेच. घोड्याची शेपटी छाटली तरी तिला तोच शब्द लावीत. १९३० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेंतील हौशी तरुणांनीं आपल्या जड मोटारसायकलींचें पुढचें मडगार्ड काढून टाकलें, मागचें अर्ध्यावर छाटलें, आणि शोभेचे अगर सोयीचे जे जे भाग वेगाच्या आड येत, ते ते उतरवून ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यांतून परतलेल्या तरुणांत ही हौस विशेष फैलावली. अशा गाडीस बॉबर हें नांव पडलें. तिच्यांतील प्रत्येक कापाकापीस एक कारण होतें : वजन कमी करून गाडी हलकी व चपळ करावयाची.

'हार्डटेल' म्हणजे कठीण शेपटीची. जिच्या मागील चाकास स्प्रिंग नाहीं, ज्याचा आंस सरळ सांगाड्यालाच जखडलेला असतो, ती हार्डटेल. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या अमेरिकन तरुणांनीं मागची स्प्रिंग कापून काढलेली नव्हती. त्यांच्या गाड्यांस ती मुळीं नव्हतीच. हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या मोठ्या गाड्यांस मागील स्प्रिंग १९५८ च्या नमुन्यांत प्रथम मिळाली. म्हणजे कठीण शेपटी ही त्यांनीं हौसेनें केलेली निवड नसून त्या काळच्या यंत्रविद्येची उणीव होती. मडगार्ड त्यांनीं काढलें, कारण तें त्यांना नको होतें. स्प्रिंग मिळाली असती, तर ती त्यांनीं टाकली असती असें मानण्यास आधार नाहीं.

ही उणीव भरून काढण्यास किती खटपट झाली, तीही पाहूं. जावा या झेक कंपनीनें १९४६ सालीं जी गाडी काढली, तिचें नांवच 'पेराक'. त्या शब्दाच्या मुळाशीं स्प्रिंग हाच अर्थ आहे. तिच्या मागील आंसाच्या दोन्ही अंगांस उभ्या नळ्यांत स्प्रिंगा बसविल्या होत्या. इंग्लंडांतील रॉयल एनफील्ड कंपनीनें एक पाऊल पुढें टाकलें. १९४९ सालीं बाजारांत आलेल्या तिच्या नव्या बुलेटला झुलता चिमटा होता. आपले कारागीर ज्याला चिमटा म्हणतात, तो दोन बाहूंचा भाग पुढच्या टोकास खिळीवर फिरतो, मागच्या टोकांमध्यें चाक धरतो, आणि दोन शॉकअपांच्या आधारानें वरखालीं झुलतो. पुढें १९५५ सालापासून हीच बुलेट मद्रासेंत तयार होऊं लागली, आणि आपल्या खडबडीत रस्त्यांवर तिनें जो लौकिक मिळविला, त्यांत या चिमट्याचा वांटा मोठा आहे. माझ्या स्नेह्याच्या मुलाला नेमका तोच कापावयाचा होता.

आतां हें काम कारखान्यांत कसें करतात तें सांगतों. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला स्वस्तांतला : शॉकअप काढून त्यांच्या जागीं त्याच लांबीच्या लोखंडी सळया बसवावयाच्या. दिसावयास गाडी हार्डटेल होते. परंतु चिमट्याची खिळी आणि शॉकअपचे वरचे कान हे भाग स्प्रिंगेनें मऊ केलेला भार सोसण्यासाठीं घडविलेले असतात. त्यांवर आतां रस्त्याचा धक्का जसाच्या तसा येतो. हा मार्ग कोणींही पत्करूं नये.

दुसरा मार्ग खऱ्या कारागिराचा. गाडी पूर्ण उतरवून सांगाडा एका जाडजूड चौकटीवर पक्का बांधतात, म्हणजे कापतांना अगर वेल्ड करतांना तो वांकडा होऊं नये. मग बैठकीखालच्या उभ्या नळीमागचा भाग कापून टाकतात. त्या जागीं दोन वरच्या व दोन खालच्या अशा चार नळ्यांचा त्रिकोणी भाग जोडतात, आणि त्याच्या टोकाशीं आंसासाठीं जाड पट्ट्या बसवितात. नळीस नळी नुसती टोकाला टोक लावून जोडीत नाहींत. आंत घट्ट बसेल असा पोलादाचा तुकडा घालून, त्याला बाहेरून भोंकें पाडून तेथेंही वेल्ड भरतात. मागचें चाक पुढच्या चाकाच्या रेषेंत आहे कीं नाहीं, हें पुनःपुन्हां दोरीनें पहातात. बुलेटच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. तिच्या सांगाड्यास इंजिनाखालून जाणारी नळी नाहीं. पुढची एकच नळी खालीं येऊन इंजिनास मिळते व तेथून पुढें इंजिन आणि गिअरपेटी हीच सांगाड्याचा दुवा होतात. म्हणून मागचा धक्का अखेर इंजिनाच्या बोल्टांपर्यंत जाऊन पोंचतो.

अशा गाडीस कांहीं गुणही आहेत, ते लपविणें योग्य होणार नाहीं. झुलत्या चिमट्यावर चाक वरखालीं होतांना सांखळीचा ताण बदलत राहतो. हार्डटेलमध्यें तो एकसारखा राहतो. झिजणाऱ्या खिळ्या व बुश नाहींसे होतात. वजन थोडें घटतें. आणि मानेपासून मागच्या आंसापर्यंत जी एक सरळ उतरती रेषा दिसते, ती डोळ्यांस खरोखरच सुखावते. मुंबईचे अक्षय वर्दे यांनीं आपल्या 'वर्देंची' या नांवानें बुलेटवर बेतलेल्या निरनिराळ्या घडणीच्या गाड्या तयार केल्या, तेव्हांपासून आपल्याकडील तरुणांस या रूपाची ओढ लागली, यांत नवल नाहीं.

परंतु रेषेची किंमत कोणास द्यावी लागते, तें पहा. चिमट्याची गाडी खड्ड्यावरून जाते, तेव्हां उसळतें तें फक्त चाक, ब्रेक व चिमटा. गाडीचा बाकीचा भार आणि स्वार जवळजवळ जागच्या जागीं राहतात. स्प्रिंग धक्का सांठविते, आणि शॉकअपमधील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जाऊन त्या धक्क्याची उष्णता करून टाकतें. म्हणूनच गाडी एकदां दबून स्थिर होते, झोंपाळ्यासारखी हालत राहत नाहीं. हार्डटेलमध्यें यांपैकीं कांहींच नाहीं. बुलेटचें वजन सुमारें १६५ किलो धरलें, तर तिचा मागचा अर्धा भाग आणि स्वाराचें शरीर हें सारें त्या एका चाकाबरोबर उचललें जातें. शिवाय, एकाच उंचवट्यावरून दुप्पट वेगानें गेल्यास चाकास वर चढण्यास अर्धाच वेळ मिळतो, आणि झटका दुप्पट न होतां चौपट होतो. ताशीं २० किलोमीटरला जो उंचवटा सोसवतो, तोच ४० ला कंबर मोडतो, याचें कारण हें आहे.

स्प्रिंगची बैठक बसविली म्हणजे झालें, असें कित्येकांस वाटतें. ती स्वाराच्या कंबरेला थोडा आराम देते, हें खरें. पण तिच्यांत धक्का विझविणारें तेल नसतें. बसलेल्या माणसाचें धड सेकंदास सुमारें ४ ते ६ कंपनांच्या मानानें हाललें, तर तें हालणें पाठीच्या कण्यास सर्वांत अधिक जाचतें. नुसत्या स्प्रिंगेवर उसळत राहणारा स्वार सहज त्या कंपनांच्या आसपास जाऊं शकतो. आणि बैठकीची स्प्रिंग सांगाड्याला मुळींच वांचवीत नाहीं. पोलादही थकतें, श्रोतेहो. एका मोठ्या धक्क्यानें न मोडणारी नळी हजारों लहान धक्क्यांनीं चिरते, आणि ती चीर बहुधा वेल्डच्या कडेला, जेथें उष्णतेनें धातूची घडण बदललेली असते, तेथेंच सुरू होते. रंगाखालीं ती दिसत नाहीं. समुद्राच्या खाऱ्या हवेंत, जेथें गंज वर्षभर कामाला असतो, तेथें तर विशेष जपावें लागतें.

तिसरी गोष्ट हँडलाची. हार्डटेल करतांना गाडीची पाठ बहुधा खालीं आणतात, कारण रूप त्यांतच आहे. बुलेटच्या दोन चाकांतील अंतर १,३७० मिलिमीटर आहे. मागची बाजू ५ सेंटीमीटर खालीं आली, तर सारी गाडी सुमारें २ अंशांनीं मागें कलते. पुढचा फोर्क तितकाच अधिक आडवा होतो, आणि फोर्काची रेषा जमिनीस जेथें मिळते तेथून चाकाच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचें अंतर एक ते दीड सेंटीमीटरनें वाढतें. सरळ रस्त्यावर गाडी अधिक स्थिर वाटते. परंतु गर्दीच्या बाजारांत, हळू वेगानें वळतांना, हँडल जड होतें. शिवाय गाडीचें पोट जमिनीच्या जवळ येतें, आणि आपल्याकडील गतिरोधक सर्वत्र नियमाबरहुकूम बांधलेले नसतात, हें आपण जाणतांच.

हें झालें यंत्राचें. आतां कायद्याचें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें उत्पादकानें ठरविलेलें जें वर्णन नोंदणीपत्रांत आहे, त्याच्याशीं विसंगत होईल असा फरक मालकाला गाडींत करतां येत नाहीं. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं हीच गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन कलम १८२-अ नव्या रूपांत आलें. त्याप्रमाणें परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, अगर सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन्ही होऊं शकतात. 'प्रत्येक बदलामागें' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांतून १९८६ सालची गाडी म्हणजे तिची पंधरा वर्षांची पहिली मुदत केव्हांच संपली. पुढें दर पांच वर्षांनीं नोंदणी नूतन करावयाची, आणि त्या वेळीं गाडी अधिकाऱ्यांना दाखवावयाची. वसईचें परिवहन कार्यालय याच चंदनसार भागांत आहे. घरापासून हांकेच्या अंतरावर जी गाडी तपासावयास न्यावयाची, तिचा सांगाडा कापून ती कशी नेणार? आणि उद्यां अपघात घडला, तर विमा कंपनी प्रथम हीच हरकत काढील.

मग बॉबरचें स्वप्न सोडूनच द्यावें काय? तसें नाहीं. कारखानदारांनींच यांतून वाट काढलेली आहे. हार्ले-डेव्हिडसननें १९८४ च्या नमुन्यांत 'सॉफ्टेल' आणली. तिची पाठ हार्डटेलसारखी सरळ दिसे, पण स्प्रिंगा सांगाड्याखालीं दडविलेल्या होत्या. आपल्याकडे २०१८ सालीं जावाच्या जुन्या नांवानें जी ३३४ सी. सी. ची 'पेराक' जाहीर झाली, तीही बॉबर. तिची स्प्रिंग बैठकीखालीं लपलेली आहे. आणि २०२४ सालीं रॉयल एनफील्डनें गोव्याचें नांव देऊन 'गोअन क्लासिक ३५०' ही बॉबर काढली. तिच्याही मागील चाकास स्प्रिंग आहेच. तात्पर्य, ज्यांना हें रूप विकावयाचें आहे, त्यांनींही कठीण शेपटीचा केवळ भास ठेवला, कठीणपणा ठेवला नाहीं.

आठ दिवसांनीं मीं पुन्हां चंदनसारला गेलों. मुलाला म्हटलें, "कापण्यापूर्वीं गाडी एकदां चालवून पाहूं." गाडी सुरू करण्यास अर्धा तास गेला. मग तो पुढें व मी मागें, असे आम्ही बेताच्या वेगानें विरार फाट्यापर्यंत जाऊन आलों. पावसानें रस्त्याची चाळण झालेली होती. घरीं परतल्यावर तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि मीही कठड्याला धरूनच पायरी चढलों. मग खालीं बसून त्याला शॉकअप दाखविले. आंतलें तेल केव्हांच गळून गेलें होतें, स्प्रिंगा दबून बसल्या होत्या, आणि प्रत्येक खड्ड्यांत चिमटा खाडकन् वर जाऊन आदळत होता. मीं म्हटलें, "तुला जी गाडी करावयाची आहे, ती जवळपास हीच. ही निदान दुरुस्त तरी होईल."

तो कांहीं बोलला नाहीं. त्याची आई चहा घेऊन दाराशीं उभी होती. ती मला म्हणाली, "भाऊजी, मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. पण ह्यांच्या मागें बसून मी अर्नाळ्याला गेलें, वज्रेश्वरीला गेलें. आतां हा एकच सीट ठेवणार म्हणतो. मग मी कुठें बसूं?"

तिला ठाऊक नव्हतें, पण तिचा प्रश्न कायद्यालाही धरून होता. नोंदणीपत्रांत किती माणसांची गाडी, हें लिहिलेलें असतें. मागें बसणाऱ्यासाठीं चालकामागें पक्की बैठक हवी, असें कायद्याचें कलम १२८ सांगतें. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणें अशा गाडीस हातांत धरावयास कडी, पाय ठेवावयास आधार, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकील अशी जाळी हवी, म्हणजे बसणाऱ्याचें वस्त्र चाकांत अडकूं नये. आपण तिला साडीगार्ड म्हणतों. बॉबर करतांना सर्वांत आधीं फेकला जातो तो हाच भाग.

शेवटीं आम्हीं तिघांनीं मिळून जें ठरविलें तें असें. सांगाड्यास कटर लावावयाचा नाहीं. शॉकअप नवे, पण मूळ लांबीचेच. चिमट्याचे बुश बदलावयाचे. टायर मूळ मापाचेच, कारण रुंद टायर चिमट्यास व सांखळीस घासतो. जुन्या बुलेटवर चालकासाठीं स्प्रिंगची निराळी, खोगिरासारखी बैठक आणि मागें वेगळी गादी कारखान्यांतूनच येत असे. तशीच जोडी मिळवून बसवावयाची. एवढ्यानेंच गाडीची पाठ बुटकी व जुन्या वळणाची दिसूं लागते. मडगार्ड छाटावयाचें नाहीं. त्याचे पोंचे काढून तें पुन्हां रंगवावयाचें. गाडीचा रंग बदलणार असेल, तर आधीं कार्यालयांत विचारून नोंदणीपत्रांत तशी नोंद करून घ्यावयाची. दिवे, परावर्तक, नंबरपाटी व साडीगार्ड जागच्या जागीं. बोल्टानें निघेल आणि बोल्टानें परत बसेल, एवढाच फरक करावयाचा, ही मर्यादा आम्हीं घालून घेतली.

मुलाचें मन पूर्ण भरलें, असें मी म्हणणार नाहीं. हार्डटेलचीं चित्रें अजून त्याच्या खोलींत लावलेलीं आहेत. परंतु काम सुरू झाल्यावर बापाच्या हातचे कांहीं बोल्ट त्याला सांपडले. एके ठिकाणीं वॉशर नव्हता, तेथें बापानें तांब्याची तार गुंडाळली होती. ती तार त्यानें काढली नाहीं. मीही काढ म्हणालों नाहीं; तेवढ्यानें कांहीं बिघडत नव्हतें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, आणि तिला नवें रूप द्यावें अशी तरुणांची इच्छाही असेल. तीस विरोध करूं नये. जुनें यंत्र हातांत धरावेंसें वाटणें ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र कटर लावण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्यात. नोंदणीपत्र काढून त्यांतील वर्णन ओळीनें वाचावें. गाडी आहे त्या स्थितींत आपल्याच रस्त्यावर एकदां चालवून पहावी. आणि तिच्यावर पूर्वीं मागें कोण बसत असे, हें घरांत विचारावें.

चंदनसारची बुलेट दिवाळीनंतर रस्त्यावर आली. पहिली फेरी वज्रेश्वरीची झाली, आणि मागच्या गादीवर मुलाची आई बसली होती.